बिनपाटीची भिंत

आमच्या शाळेचे सर्वांगीण परिवर्तन होणार आहे, हे आम्हाला मोबाइलवर आलेल्या एका पत्रातून कळले. पत्र मोठे सुंदर होते. त्यात अक्षरे-चित्रे रंगवलेल्या बोलक्या भिंती होत्या, परसबाग होती, वाचनकट्टा होता, स्मार्ट टीव्ही होता, आणि हे सर्व पाहून शाळेकडे आनंदाने धावत येणारी मुलेही होती. पैसा मात्र कोठे दिसत नव्हता. तो शेवटच्या परिच्छेदात, सहीच्या अगदी वर, संकोचून उभा होता. या सर्व बाबी लोकसहभागातून पूर्ण कराव्यात, असे तेथे म्हटले होते. लोकसहभाग हा शब्द मला फार आवडतो. परिवर्तन वरच्यांनी जाहीर करायचे आणि सहभाग खालच्यांनी द्यायचा, अशी कामाची इतकी स्वच्छ वाटणी दुसऱ्या कोणत्याही शब्दाला साधलेली नाही.

मी या शाळेत उशिरा आले. दोन विषयांत एम. ए., शिक्षणशास्त्राची पदवी, पात्रता परीक्षा, पुन्हा पात्रता परीक्षा आणि मग भरतीची वाट पाहणे, असा माझा दीर्घ अभ्यासक्रम होता. ज्या वयात माझ्या वर्गमैत्रिणी मुख्याध्यापिका होऊन कंटाळल्या, त्या वयात माझ्या हाती पहिला खडू आला. नाशिकहून पिंपळगाव बसवंतपर्यंत एसटी, आणि तेथून पुढे द्राक्षांचे रिकामे क्रेट परत नेणारा जो कोणता टेम्पो थांबेल त्यात चालकाशेजारी बसून मी गावात पोहोचते. उतरताना ‘थांबा’ म्हणणेही मला जड जाते. चालकांना आता शाळा ठाऊक झाली आहे म्हणून निभावते. परिपाठाच्या वेळी माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, अशी पालकांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. अक्षर मात्र चांगले आहे. त्यामुळे परिवर्तनातले माझे स्थान पहिल्याच बैठकीत निश्चित झाले. जो कोणी देणगी देईल, त्याने सांगितलेले नाव त्या वस्तूवर रंगवायचे.

मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत. वरून आलेले पत्र ते आधी उभ्याने वाचतात आणि मग बसतात. हे पत्र त्यांनी बसल्यावर पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, “बाई, सकारात्मक राहायचं.” मी मान हलवली. माझे बहुतेक संभाषण असेच होते.

गावात दोन चुलतभाऊ आहेत. एकाचे शीतगृह आहे आणि दुसऱ्याचे द्राक्षे खोक्यांत भरण्याचे पॅकहाऊस. म्हणून गाव त्यांना कोल्ड स्टोरेजवाले आणि पॅकहाऊसवाले असेच म्हणते, आणि मीही तसेच म्हणेन. दोघांच्या बागांमध्ये एक बांध आहे, आणि तो नेमका कोणाच्या बाजूने सरकला यावरून दोघांत कित्येक वर्षे बोलणे नाही. त्यांचे वडील सख्खे भाऊ. दोघेही आता हयात नाहीत. त्या दोघांत उभ्या जन्मात एकदाही भांडण झाले नव्हते, असे गाव कौतुकाने सांगते. मुलांनी ती उणीव भरून काढली.

पत्र आले त्याच आठवड्यात कोल्ड स्टोरेजवाल्यांनी शाळेला स्टीलची पाणपोई दिली. तिला ओळीने नळ होते आणि वर त्यांच्या वडिलांचे नाव होते, ते मी रंगवले. पुढच्या आठवड्यात पॅकहाऊसवाल्यांनी लोखंडी फाटक दिले. त्यावर त्यांच्या वडिलांचे नाव रंगवून मी ब्रश धूत होते, तोच ते स्वतः मोजपट्टी घेऊन आले.

“बाई, पाणपोईवरच्या अक्षराची उंची किती हो?”

“मोजली नाही.”

“मी मोजून आलो. आमचा ‘कै.’ त्यांच्या ‘कै.’पेक्षा बोटभर बुटका हाय. असं कसं?”

मी तो वाढवला. दुसऱ्या दिवशी कोल्ड स्टोरेजवाले पाणपोईपाशी मोजपट्टी घेऊन उभे होते. मग मी तोही वाढवला. हे असेच चालू राहिले असते, तर ते दोघे दिवंगत बंधू लवकरच महामार्गावरून वाचता आले असते. अखेर मुख्याध्यापकांनी रंग संपल्याचे जाहीर केले.

परिवर्तनाच्या पत्रात मुलींचे स्वच्छतागृह नव्हते, कारण ते होतेच. कागदावर ते केव्हाच बांधून झाले आहे आणि वापरातही आहे. जे आहे ते पुन्हा मागता येत नाही. प्रत्यक्षात त्यात मोडकी बाकडी राहत असत. मोडके बाकडे ही शासकीय मालमत्ता असते. ते टाकण्यापूर्वी निर्लेखनाची, म्हणजे ते मोडले आहे हे वरून मान्य होण्याची, परवानगी यावी लागते. ती यायची होती. तोवर बाकड्यांना छप्पर मिळालेले होते. दारे निखळली होती, पण दारांवाचून बाकड्यांचे काही अडत नव्हते. मुलींनी काय करावे याबद्दल कोठेही काही लिहिलेले नसल्यामुळे मुली काहीच करीत नसत.

आम्ही शिक्षिका शाळेसमोरच्या मावशींच्या घरी जात असू. मावशींची जीभ तिखट आणि दार उघडे. “तुम्ही कधीबी या बाई,” त्या म्हणत, “पण सगळी शाळा मागं आणू नका. माझ्या टाकीत टँकरचं पाणी हाय.” त्यांचे बरोबरच होते. एका घराने एका शाळेचे परिवर्तन किती करावे, यालाही मर्यादा असते.

सातवीत एक उंच मुलगी होती. परिपाठात बातम्या तीच वाचत असे, कारण तिचा आवाज फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जात असे. ती मळ्यातून चालत येई. तिच्या दप्तराला एक निळी बाटली लटकलेली असायची. ती बाटली सकाळी जितकी भरलेली असे तितकीच संध्याकाळीही भरलेली असते, हे माझ्या लक्षात आले ते ती दुपारच्या तासाला डोके धरून बसू लागली तेव्हा. मी तिला पाणी पिण्यास सांगितले.

“बाई, प्यायल्यावर जायला लागतं,” ती म्हणाली.

इतके नेमके विधान मला दोन्ही विषयांच्या प्रबंधिकांत मिळून करता आले नव्हते.

काही दिवसांनी तिची आई आली. ती द्राक्षबागांत मजुरीला जाते. विरळणीच्या, छाटणीच्या कामातून उसंत काढून आली होती, म्हणून दारातच उभी राहिली.

“बाई, पोरीला लघवीला आग होती. दुसऱ्यांदा झालं. डॉक्टर म्हणतो, पाणी पाजा. पाणी पाजू, पण मग शाळंत तिनं जायचं कुठं? आता ती लहान हाय का?”

बोलण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ होते, पण ते सगळे पुस्तकी होते.

“दिवाळीपर्यंत बघते,” ती म्हणाली. “नाय झालं तर दिवाळीनंतर पाठवणार नाय. माझ्यासंगं बागंत येईल. तिथं निदान आडोसा हाय.” मग तिची नजर वर्गातल्या भिंतीकडे गेली. “एवढा मोठा टीव्ही आणला ना शाळंनं? मग दोन दारांना काय झालं?”

तो टीव्हीही लोकसहभागातून आला होता आणि त्याच्या आगमनाला नारळ फुटला होता. मी तिला टीव्हीची बाजू समजावून सांगणार होते. पण वीजबिल थकल्यामुळे शाळेची जोडणी तोडलेली होती, आणि काळ्या पडद्यासमोर उभे राहून त्याची बाजू मांडणे मला जमले नाही.

मी मुख्याध्यापकांना सांगितले. “मला दिसत नाही का, बाई?” ते म्हणाले. “पण जे आहे, ते मागू कसं? आणि ते नाही असं लिहिलं, तर इतकी वर्षं आहे म्हणून कोणी लिहिलं, हे विचारतील.” मी विचारले नाही. त्यांची सही मला ओळखता येते.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका घेऊन, दिवसभर आकडे ओरडणे हा त्यांचा व्यवसाय. त्यामुळे ते खासगी बोलतात तेव्हाही समोरच्याला आपला भाव ठरत असल्यासारखे वाटते. परिवर्तनाच्या बैठकीत त्यांनी मुख्याध्यापकांचा वर्गणीचा प्रस्ताव ऐकून घेतला आणि हात झटकला.

“वर्गणीनं काय होत नाय, सर. वर्गणी मागायला गेलं की माणूस मळ्यात असतो. यात्रंत देवीच्या साडीचा लिलाव करतो ना आपण? दुकानात हजाराला मिळती ती साडी, आणि गावात तिला भाव किती येतो? तसा शाळंचा लिलाव करू.”

“शाळेचा?” मुख्याध्यापक उभे राहिले.

“शाळंचा म्हणजे नावाचा हो! वस्तू शाळंची, नाव बोली जिंकणाऱ्याचं. ज्याची बोली मोठी, त्याची पाटी.”

सर्वांगीण परिवर्तनावर मी बरेच वाचले आहे. त्यातल्या एकाही विद्वानाला हे सुचलेले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. त्यांच्यापैकी कोणी देवीची साडी लिलावात घेतलेली नसावी.

लिलावाच्या वस्तूंची यादी माझ्या अक्षरात झाली. स्टेज, वाचनकट्टा, परसबाग आणि प्रत्येक भिंत वेगवेगळी. सर्वांत शेवटी मी मुलींचे स्वच्छतागृह लिहिले, जरा लहान अक्षरांत. पण ट्रॉलीतला एक सडका कांदा लांबून ओळखणाऱ्या माणसापासून लपण्याइतकी ती अक्षरे लहान नव्हती.

“बाई, ह्याच्यावर बापाचं नाव कोण लावून घेईल?” अध्यक्ष म्हणाले.

मी यादीकडे पाहत राहिले. मला वाद घालता येत नाही. पण गप्प बसण्याचा माझा सराव मोठा आहे. अखेर मुख्याध्यापकच म्हणाले, “राहू द्या यादीत. सकारात्मक राहू.”

स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन झाले, मुलांना जिलेबी वाटून झाली आणि त्याच मांडवात ग्रामसभा भरली. वरून भुरभुर चालू होती, म्हणून ताडपत्री बांधली होती. पुरुष खुर्च्यांवर, बायका बाजूच्या सतरंजीवर. मी मावशींच्या शेजारी. उंच मुलीची आई अगदी मागे, खांबाला टेकून उभी होती. तिला कामावर जायचे होते.

अध्यक्ष टेबलावर चढले. खाली उभे राहून पुकारणे त्यांना जमत नाही.

“देवीच्या साडीपेक्षा शाळा स्वस्तात जाऊ देऊ नका मंडळी! पहिली वस्तू, स्टेज! बोला!”

गाव बोलू लागले. स्टेज एका दिवंगत आजोबांच्या नावे गेले. वाचनकट्टा एका दिवंगत काकूंच्या नावे गेला. त्यांना वाचता येत नव्हते, हे मावशींनी माझ्या कानात सांगितले. भिंतींना चांगला उठाव होता. रस्त्याकडच्या भिंतीला मागल्या भिंतीच्या तिप्पट भाव आला, कारण मागली भिंत फक्त मुलांना दिसते. परसबाग एका तरुण बागायतदाराने आपल्या बायकोच्या नावाने घेतली, आणि बायकांच्या बाजूने आश्चर्याचा हुंकार उठला. जिवंतपणी पाटीवर नाव चढलेली त्या गावातली ती पहिली बाई असावी. दोन्ही चुलतभावांनी काही घेतले नाही. ते मांडवाच्या दोन टोकांना बसून एकमेकांकडे न पाहण्याचे कष्ट घेत होते.

“आता शेवटची वस्तू,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा आवाज प्रथमच किंचित उतरला. “मुलींचं स्वच्छतागृह! दारं नवी, फरशी नवी, वर टाकी, आत नळ. बोला!”

कोणीही बोलले नाही.

“बोला, बोला! पुण्याचं काम हाय!”

“अध्यक्ष, मग तुम्हीच घ्या की वडिलांच्या नावानं!” मागून कोणी तरी ओरडले.

“माझा बाप अजून जिता हाय! हा काय बसलाय, त्यालाच विचार!”

पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या वडिलांनी मान इतक्या जोरात हलवली की टोपी सरकली. मांडव हसला. मग पुन्हा शांतता. त्या गावात वाडवडिलांवर किती प्रेम आहे, हे मला त्या शांततेइतके आजवर कशातूनही कळले नव्हते.

“जाऊ द्या,” अध्यक्ष म्हणाले. “ही वस्तू पुढच्या वर्षी घेऊ.”

मागे खांबापाशी उंच मुलीच्या आईने पदर खोचला. ती मुलीला खुणेने बोलवत होती. बघून झाले, चल, अशी ती खूण होती.

माझ्या पर्समध्ये एक भाषण होते. ग्रामीण विद्यार्थिनींची शैक्षणिक गळती व स्वच्छताविषयक सुविधा, असे त्याचे शीर्षक होते आणि शेवटी संदर्भसूचीही जोडली होती. ते वाचण्याचे धैर्य मला होणार नाही, हे मला लिहितानाच ठाऊक होते. पण तयारी पूर्ण असलेली बरी. मी उभी राहिले. भाषण पर्समध्येच राहिले आणि तोंडातून भलतेच काही तरी निघाले.

“मला एक शंका आहे.”

“बाई, जोरात बोला!” असे म्हणून कोणी तरी माझ्या हातात माइक दिला.

“पाट्या मी रंगवते, म्हणून विचारते. नाव आपल्याच घरातल्या माणसाचे असावे लागते, की बोली लावणारा गावातल्या कोणाचेही देऊ शकतो?”

अध्यक्षांना असले प्रश्न आवडतात. “पैसा ज्याचा, नाव तो म्हणंल त्याचं. कुणाचंबी!”

“आणि ज्यांचे नाव दिले, त्यांच्या घरच्यांची परवानगी?”

“परवानगी कशाला? मान देतोय ना आपण!”

“धन्यवाद,” मी म्हणाले आणि खाली बसले. माझे पहिले सार्वजनिक भाषण ते एवढेच. शंका केवळ कामापुरती होती, असे मी मुख्याध्यापकांना नंतर सांगितले. त्यांनी ते मान्य केले. ते सकारात्मक आहेत.

मांडवाच्या डाव्या टोकाला पॅकहाऊसवाले सावकाश उठले. चेहऱ्यावर भक्तिभाव होता.

“पाच हजार,” ते म्हणाले. “माझ्या चुलत्याच्या नावानं.”

गावाला अर्थ लागायला क्षणभर लागला. पॅकहाऊसवाल्यांचा चुलता म्हणजे कोल्ड स्टोरेजवाल्यांचा बाप. मग उजव्या टोकाची खुर्ची मागे पडली.

“ए! माझ्या बापाचं नाव संडासाला?”

“संडास कुठं? स्वच्छतागृह! पुतण्याचं काय कर्तव्य असतं का नाय? पाणी तू पाजलंस, पुढची सोय मी करतो.”

“दहा हजार!” कोल्ड स्टोरेजवाले कडाडले. “आणि नाव माझ्या चुलत्याचं!”

“पंधरा! माझ्या चुलत्याचं!”

“वीस! माझ्या!”

अध्यक्ष आता खऱ्या अर्थाने आपल्या कामावर होते. “वीस एक वार! वीस दोन वार! आबा, चुलत्यासाठी एवढंच का? देवमाणूस होता तो!” आणि पॅकहाऊसवाल्यांनी बोली वाढवताच कोल्ड स्टोरेजवाल्यांकडे वळून, “नाना, बाप तुमचा हाय, बघा बुवा, आत चालला!” ज्या दोन भावांत उभ्या जन्मात भांडण झाले नव्हते, ते त्या सकाळी आळीपाळीने स्वच्छतागृहाच्या दारातून आत-बाहेर करीत होते. बायकांच्या बाजूला पदर तोंडात गेले होते. मुख्याध्यापक उभ्यानेच आकडे टिपून घेत होते.

आकडे वाचनकट्ट्याच्या पुढे गेले, स्टेजच्याही पुढे गेले. मग दोघेही धापा टाकू लागले आणि त्या उसंतीत मावशी उठल्या. त्यांना माइक लागत नाही.

“अरे, दोघं एकाच आज्याची नातवंडं ना तुम्ही? मग आज्याचंच नाव लावा आन् मिटवा! दोघांच्या बागा त्याच्याच जिवावर हायेत!”

असे हसू मी त्या गावात पूर्वी ऐकले नव्हते. दोघे भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. माझ्या माहितीप्रमाणे कित्येक वर्षांत प्रथमच. आजोबांचे नाव गाव अजून हात जोडून घेते. आणि पैसा ज्याचा, नाव तो म्हणेल त्याचे. त्या मांडवात कोणीही, कधीही, त्या नावाने कितीही बोली लावू शकत होते.

कोल्ड स्टोरेजवाल्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि एक आकडा सांगितला. तो स्टेज आणि परसबाग एकत्र केली तरी त्याहून मोठा होता.

“आणि नाव कुणाचंच नाय!” ते म्हणाले. “ना माझ्या बापाचं, ना त्याच्या, ना आज्याचं. भिंत कोरी ऱ्हायली पाहिजे. कायमची!”

अध्यक्ष प्रथमच गोंधळले. “सर, बिननावाची बोली चालती का?”

“चालते!” मुख्याध्यापक उत्तरले. त्यांना एवढ्या तत्परतेने बोलताना मी तोवर पाहिले नव्हते.

“एक वार! दोन वार! तीन वार!”

पॅकहाऊसवाले समाधानाने खाली बसले. त्यांच्या वडिलांचे नाव वाचले होते आणि पैसेही वाचले होते. “बघा,” ते शेजाऱ्याला सांगत होते, “शाळंचं काम करून घ्यायचं तर असं घ्यावं लागतं.” मागे खांबापाशी उंच मुलीची आई अजून उभी होती. ती हसत नव्हती. हे खरेच होईल का, याचा हिशेब ती मांडत असावी. मोठमोठे आकडे तिने त्या गावात यापूर्वीही ऐकलेले होते.

पण बोली मोडणे म्हणजे अब्रू मोडणे, हा तेथला रिवाज. अनुदानाला तो लागू नाही, बोलीला आहे. दसऱ्यापूर्वीच गवंडी आले. बाकडी एका दिवसात नाहीशी झाली. निर्लेखनाची परवानगी अजून आलेली नाही. बाकडी कोठे गेली ते मला माहीत नाही, आणि विचारण्याचा माझा स्वभाव नाही. दारे बसली, आतून कड्या लागल्या, वर टाकी चढली. दिवाळीच्या सुटीपूर्वी मावशी स्वतः येऊन आत पाहून गेल्या आणि म्हणाल्या, “माझ्या घरापेक्षा बरं हाय. आता मीच येत जाईन.”

सुटीनंतर शाळा उघडली त्या सकाळी मी फाटकापाशी जरा रेंगाळले. परिपाठाची घंटा झाली तरी उंच मुलगी आली नव्हती. बातम्या मला वाचाव्या लागल्या. तिसऱ्या रांगेपासून पुढे गावाला त्या दिवशी काहीच कळले नाही. प्रार्थना संपता संपता ती आली, धापा टाकत. मागे तिची आई होती. आई माझ्याशी बोलली नाही, थेट मागच्या बाजूला गेली, दार उघडले, लावले, आतून कडी लावली, काढली, नळ सोडला, बंद केला. मग मुलीला म्हणाली, “बस वर्गात,” आणि बागेच्या रस्त्याला लागली.

हिवाळ्यात परिवर्तनाची तपासणी झाली. एक साहेब गाडीतून आले आणि गुणांचा तक्ता घेऊन फिरले. बोलक्या भिंतींना गुण मिळाले. टीव्हीला गुण मिळाले. तो लावून दाखवा, असे म्हणण्याइतके साहेब असंस्कृत नव्हते. मग ते मागल्या बाजूला आले, दारे पाहिली, टाकी पाहिली आणि भिंतीवर काही तरी शोधू लागले.

“दात्याची पाटी कुठे आहे?”

“पाटी नाही, सर,” मुख्याध्यापक म्हणाले.

“मग लोकसहभाग कसा दाखवणार? पाटीसह फोटो लागतो.”

“पण काम झालंय, सर.”

“ते मला दिसतंय हो. तक्त्याला दिसलं पाहिजे.”

परत जाताना त्यांनी सातवीच्या वर्गात डोकावून विचारले, शाळेत काय काय बदल झाला? मुलांनी पढवल्याप्रमाणे भिंती, बाग, कट्टा असे सांगितले. उंच मुलगी उभी राहिली. तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

“सर, आता आम्ही पाणी पितो.”

साहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यासाठी रकाना नव्हता. “छान,” असे म्हणून ते गाडीकडे गेले.

लोकसहभागाचे आमचे गुण थोडक्यात हुकले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “बाई, भिंतीवर नुसतं ‘लोकसहभागातून’ एवढंच लिहा. नाव नको. फोटो काढून पाठवू.” मी रंग, ब्रश आणि दोरी घेऊन मागे गेले. दोरीने रेघ आखून ब्रश बुडवला, तोच मागून आवाज आला. कोल्ड स्टोरेजवाले. ते अधूनमधून असे येऊन भिंतीवर नजर टाकून जातात, हे मला ठाऊक होते.

“काय लिहिताय, बाई?”

“‘लोकसहभागातून’, असे लिहायला सांगितले आहे.”

“काय नाय लिहायचं. ठरलंय. पैसे मोजून कोरी भिंत विकत घेतलीय मी. आज एक शब्द आला की उद्या त्याच्याखाली कुणाचं तरी नाव येईल.”

मला वाद घालता येत नाही. मी ब्रश धुवायला पाणपोईवर गेले. मधली सुटी झाली होती आणि नळांपाशी मुलींची रांग होती. उंच मुलगी रांगेत पुढे होती. तिने निळी बाटली उलटी करून उरलेला घोट संपवला आणि ती पुन्हा नळाखाली धरली.

“बाई, भिंतीवर कायच नाय लिहिलं?”

“नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “बाकीच्या सगळ्या लय बोलत्यात.”

बाटली भरेपर्यंत ती शेजारच्या नळाला तोंड लावून आणखी प्यायली. तिच्या डोक्यावर कोल्ड स्टोरेजवाल्यांच्या वडिलांचे नाव होते, बोटभर वाढवलेल्या ‘कै.’सह. मी ब्रश घेऊन तिच्यामागे रांगेत उभी राहिले.